टेप ड्राइव्ह कशाने जोडायचा? चाकणच्या एका कारखान्याचं प्रकरण

चाकण एमआयडीसीतला हा मध्यम आकाराचा कारखाना मोटारींसाठी डाय आणि सुटे भाग बनवतो. ग्राहकांत एक जर्मन कंपनी आहे, त्यामुळे टिसॅक्सची तपासणी ठरलेली. वाहनउद्योगातल्या माहिती-सुरक्षेची ही तपासणी ‘टेपच घ्या’ असं कुठेही म्हणत नाही. पण बॅकअप परत आणून पाहिलाय का, आणि मूळ यंत्रणेत शिरलेला माणूस बॅकअपही पुसू शकेल का, हे प्रश्न निघाले की कायम नेटवर्कला लटकलेल्या नॅसचं, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्याचं, उत्तर लंगडं पडतं. कारखान्याकडे नेमकं तेच होतं: एक नॅस, सर्व्हरच्याच रॅकमध्ये, सर्व्हरच्याच अ‍ॅडमिन पासवर्डवर. रॅन्समवेअर टाकणारे आधी बॅकअपच शोधतात, हे आता आयटीवाल्यांना सांगावं लागत नाही.

म्हणून टेपचा विचार पुढे आला: डेटा लिहून झाला की बाहेर काढून कपाटात ठेवता येणारी चुंबकीय फीत. तिला मालकांची हरकत नव्हती. वाद लागला तो ड्राइव्ह सर्व्हरला जोडायचा कशाने यावर. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये फायबर चॅनल (एफसी) होतं, म्हणजे मोठ्या स्टोरेजच्या जाळ्यांत वापरतात ती जोडणी. आयटी विभागाला सॅस हवं होतं, म्हणजे डिस्क आणि टेप थेट सर्व्हरला लावणारी आखूड केबलची जोडणी. आणि लेखा विभागातून एक भाबडी सूचना आली होती, “यूएसबीचा मिळत नाही का? लावला की चालू.” मला बोलावलं ते या तिघांत निवाडा करायला.

जागा, डेटा आणि गुरुवार

सर्व्हर रूम मशीन शॉपच्या वरच्या मजल्यावर. तिथे व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवणारे दोन सर्व्हर आणि एक स्टोरेज. खाली हीट ट्रीटमेंटची भट्टी आणि क्वेंचिंगच्या तेलाची टाकी. म्हणून मालकांची अट एकच होती, पण पक्की: टेप या इमारतीत राहता कामा नये. दुसरी जागा म्हणजे गेटजवळची ऑफिसची इमारत. दोन्हींमध्ये चरातून फायबर आधीच टाकलेलं होतं, ओएम-३ जातीचं, केबलच्या मार्गाने साधारण १२० मीटर, आणि त्यातल्या काही जोड्या मोकळ्या होत्या.

डेटा २२ टीबी. त्यातला बराचसा डिझाइन विभागाचा, म्हणजे कॅडच्या लाखो लहानमोठ्या फायली. बाकी ईआरपी, मेल आणि तपासणीचे अहवाल. आठवड्यातून एक पूर्ण प्रत टेपवर जावी असं ठरलं. वेळही ठरलेलीच होती. पुण्याच्या या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बुधवारी रात्री ११ पासून शुक्रवारी सकाळी ७ पर्यंत ३२ तास हातात.

आता हिशेब. एलटीओ हा बॅकअपच्या टेपांचा प्रचलित प्रकार. त्याच्या नवव्या पिढीची, एलटीओ-९ ची, टेप कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणं) न धरता १८ टीबीची. हाफ-हाइट, म्हणजे कमी उंचीचा, ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबी लिहितो, फुल-हाइट ४००. हाफ-हाइट धरला तर २२ टीबीला साडेवीस तास लागतात, म्हणजे ३२ तासांत सहज बसतं. हाच डेटा ड्राइव्हपर्यंत एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून आणला तर सेकंदाला जेमतेम ११० एमबी पोचतात आणि तेच काम ५५ तासांवर जातं. शुक्रवारची पहिली पाळी सुरू होऊन संपली तरी टेप फिरतच राहणार.

हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर इंटरफेसच्या वेगाची चर्चा खरं तर तिथेच संपायला हवी होती. ६ गिगाबिटचं सॅस सेकंदाला ६०० एमबी वाहून नेतं, १२ गिगाबिटचं १२००, आणि एलटीओ-९ ला मिळणारं ८ गिगाबिटचं फायबर चॅनल ८००. ड्राइव्ह मागतो ३००. विक्रेत्याच्या प्रेझेंटेशनमध्ये मात्र ‘एंटरप्राइज दर्जाचा वेग’ असे शब्द होते आणि खाली ४५ टीबी हा आकडा होता. हा आकडा २.५ पट कॉम्प्रेशन गृहीत धरतो. बॅकअप सॉफ्टवेअरने डेटा आधीच दाबून पाठवला असेल तर ड्राइव्हला त्यातून आणखी पिळून काढण्यासारखं फारसं उरत नाही. वेगावर कुणी भुलू नये म्हणून मी तो रकाना तुलनेच्या तक्त्यातून काढूनच टाकला.

विक्रेत्याचं म्हणणं

फायबर चॅनलचा प्रस्ताव हास्यास्पद नव्हता, हे आधी मान्य करतो. बॅकअप सर्व्हर वरच्या सर्व्हर रूममध्येच ठेवायचा, त्यात फायबर चॅनलचं कार्ड बसवायचं, आणि चरातल्या मोकळ्या जोडीवरून थेट गेटजवळच्या टेपपर्यंत जायचं. ओएम-३ फायबरवर ८ गिगाबिटची मर्यादा १५० मीटर, त्यामुळे १२० मीटर चालून गेले असते. एकच ड्राइव्ह असल्यामुळे स्विचही लागत नव्हता. सॅसच्या तांब्याच्या केबलला हे जमत नाही. प्रत्यक्षात ती दोन ते सहा मीटर मिळते. कागदावरची मर्यादाही १० मीटरच्या आसपासच. टेप १२० मीटर दूर हवी म्हटल्यावर सॅस आपोआप बाद, असा त्यांचा सरळ युक्तिवाद.

त्यात एक गृहीत दडलेलं होतं: अंतर तोडायचं ते सर्व्हर आणि टेप यांच्यामध्येच. ते तसं का असावं? बॅकअप सर्व्हरच उचलून टेपशेजारी नेला, तर अंतर पडतं ते डेटा आणि बॅकअप सर्व्हर यांच्यामध्ये. ते पार करायला त्याच फायबरवर १० गिगाबिटचं इथरनेट चालतं, आणि ओएम-३ वर त्याची मर्यादा ३०० मीटर आहे.

आयटी व्यवस्थापकांना हे पटायला वेळ लागला नाही, पण विक्रेत्याच्या इंजिनिअरने रास्त प्रश्न विचारला, “सर, दोन्हीकडे फायबर एकच आहे. मग त्यावरून एफसी नेलं काय आणि इथरनेट नेलं काय, फरक काय पडतो?”

फरक पडतो तो लिंक तुटल्यावर. टेपचं लिखाण हा सलग प्रवाह असतो. मधली लिंक दोन-चार सेकंद जरी गेली तरी सर्व्हरच्या दृष्टीने ड्राइव्हच नाहीसा होतो, बहुतेक सॉफ्टवेअर ते काम अपयशी म्हणून बंद करतं, आणि सोळाव्या तासाला असं झालं तर सोळा तास पाण्यात. या कारखान्याच्या चरात दर पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या कामासाठी फावडं चालतं. इथरनेटने डेटा आधी बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवर उतरवला, तर लिंक गेल्यावर फक्त ती प्रत थांबते आणि पुन्हा सुरू होते. दोन मीटरच्या सॅस केबलवर चाललेल्या टेपला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा मुद्दा आगीचा. मशीन शॉप जळालं तर फायबर चॅनलच्या योजनेत गेटजवळ उरतो टेप ड्राइव्ह आणि टेपा. वाचायला सर्व्हर नाही, त्यात फायबर चॅनलचं कार्ड नाही, आणि ते कार्ड त्या दिवशी चाकणच्या कुठल्या दुकानात मिळायचं? सर्व्हर, डिस्क, ड्राइव्ह आणि टेपा सगळंच गेटजवळ असेल तर परत आणायचं काम त्याच दुपारी सुरू करता येतं. शिवाय बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवरची प्रत ही दुसऱ्या इमारतीतली आणखी एक प्रत ठरते, फुकटात.

फायबर चॅनलची जागा वेगळी आहे. बरेच ड्राइव्ह असलेली मोठी टेप लायब्ररी, ती वापरणारे अनेक मीडिया सर्व्हर (टेपवर लिहिणारे सर्व्हर), आणि आधीच उभं असलेलं सॅन, म्हणजे स्टोरेजचं स्वतंत्र जाळं, अशा ठिकाणी मी सॅसचं नावही काढणार नाही. सॅस ड्राइव्ह एका सर्व्हरच्या दावणीला बांधलेला असतो. फायबर चॅनलचा स्विचवर झोनिंग करून, म्हणजे कोणाला कोणता ड्राइव्ह दिसेल हे ठरवून, अनेकांना वाटून देता येतो. पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. ८ गिगाबिटचा ड्राइव्ह स्विचमधल्या ३२ गिगाबिटच्या ऑप्टिकशी (फायबर लावायच्या जोडाशी) बोलतो, कारण तो खाली १६ आणि ८ पर्यंत उतरतो. ६४ चा ऑप्टिक ३२ आणि १६ वरच थांबतो. नवा कोरा स्विच आणून जुना टेप ड्राइव्ह त्याला लावणाऱ्याला हे बहुधा लिंकचा दिवा पेटत नाही तेव्हा कळतं.

यूएसबी आणि थंडरबोल्ट यांच्यावर फार वेळ घालवला नाही. डॅट या जुन्या, लहान टेपांच्या जमान्यात यूएसबीचे टेप ड्राइव्ह सर्रास होते, आणि त्यांचा वेगही तेवढाच बेताचा होता. आजचे यूएसबीचे एलटीओ डबे आत सॅस ड्राइव्ह आणि मध्ये एक रूपांतर करणारी चिप असे असतात. काही बिघडलं की सॉफ्टवेअरवाला चिपकडे बोट दाखवतो आणि चिपवाला सॉफ्टवेअरकडे. थंडरबोल्टचे डबे अंधेरीतल्या एडिटिंग स्टुडिओंना शोभतात, जिथे मॅकसमोर बसलेला माणूस शूटिंगचा डेटा स्वतः टेपवर टाकतो. सॅसचं आयस्कझीत (नेटवर्कवरून स्टोरेज जोडायच्या पद्धतीत) रूपांतर करणारे ब्रिजही मिळतात आणि चांगले चालतात, पण इथे त्यांनी सोडवण्यासारखी अडचणच उरली नव्हती.

कपाटातल्या जुन्या टेपा

निवड सॅसच्या बाजूने झुकली होती, पण शिक्कामोर्तब झालं ते एका कपाटामुळे. डिझाइन विभागात एलटीओ-३ च्या टेपा ठेवलेल्या होत्या, जुन्या डायच्या ड्रॉइंगच्या. गाडीचं मॉडेल बंद झालं तरी तिचे सुटे भाग कित्येक वर्षं पुरवावे लागतात, म्हणून त्या टाकता येत नव्हत्या. त्या लिहिणारा ड्राइव्हही शाबूत होता. त्याच्या पाठीमागे सॅसच्या आधीच्या समांतर स्कझी जोडणीचा ६८ पिनांचा रुंद सॉकेट, बाजूच्या सॉकेटात अजून टर्मिनेटर (साखळीचं टोक बंद करणारा जोड) खोचलेला. स्कझीच्या अल्ट्रा-३२० पिढीचा माल. तो ज्या कार्डाला लागायचा ते कार्ड जुन्या सर्व्हरच्या पीसीआय-एक्स स्लॉटमध्ये होतं, आणि त्या सर्व्हरचा मदरबोर्ड केव्हाच गेला होता.

म्हणजे टेप धड, ड्राइव्ह धड, आणि मधला दुवा मेलेला. नव्या सर्व्हरमध्ये पीसीआय-एक्स स्लॉट नसतो. पीसीआय-एक्स्प्रेसवर चालणारी अल्ट्रा-३२० कार्डं एकेकाळी निघाली होती. जुन्या बाजारात सापडतीलही, पण नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्यांचे ड्रायव्हर शोधत बसावं लागतं. समांतर स्कझी एलटीओ-४ नंतर टेपमधून गेलंच. एलटीओ-५ पासून सॅस किंवा फायबर चॅनल.

नवा एलटीओ-९ ड्राइव्ह या टेपा वाचण्याचा प्रश्नच नाही. तो वाचतो एलटीओ-९ आणि एलटीओ-८, बस. पूर्वी ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे. एलटीओ-८ पासून ती सोय गेली. पण एलटीओ-५ चा ड्राइव्ह एलटीओ-३ वाचतो, आणि तो ६ गिगाबिटच्या सॅसचा मिळतो. १२ गिगाबिटचं सॅस कार्ड ६ आणि ३ वरही उतरतं. तेव्हा दोन बाहेरचे पोर्ट असलेलं एकच कार्ड घ्यायचं: एका पोर्टला नवा ऑटोलोडर (टेपा आपोआप बदलणारं यंत्र), दुसऱ्याला वापरलेला एलटीओ-५. ड्राइव्हच्या डब्यामागे जुना ८०८८ जोड, कार्डावर नवा आणि लहान ८६४४, म्हणून केबल दोन वेगळ्या टोकांची मागवली. ऑर्डर देताना हा तपशील लिहिला नाही तर कुरिअर हमखास चुकीची केबल घेऊन येतो.

मालकांनी विचारलं, “हे सगळं एफसीमध्ये झालं नसतं का?” झालं असतं, पण एलटीओ-५ चा सुटा फायबर चॅनल ड्राइव्ह शोधायला जास्त हिंडावं लागलं असतं, आणि कारखान्यात तो चालवणारं कुणी नव्हतं. आयटी विभाग दोन माणसांचा आहे. त्यांनी झोनिंग शिकावं असं मला वाटत नाही. त्यांनी दर महिन्याला एक फोल्डर टेपवरून परत आणून पाहावं, असं वाटतं.

ड्राइव्ह दिसतो, रोबो दिसत नाही

सुट्या ड्राइव्हऐवजी ऑटोलोडर घेण्याचं कारण साधं. बुधवारी रात्री ११ ला सुरू झालेली १८ टीबीची टेप गुरुवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास भरते. तेव्हा कारखान्यात वॉचमनशिवाय कुणी नसतं, आणि टेप बदलायचं काम वॉचमनवर टाकणं कुणालाच रुचलं नाही.

विक्रेत्याच्या इंजिनिअरने ऑटोलोडर जोडला तो सर्व्हरमधल्या रेड कंट्रोलरच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाच्या, बाहेरच्या पोर्टला. पोर्ट मोकळा, जोड बरोबर बसतो, मग वेगळं कार्ड कशाला, असा त्यांचा विचार. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टेप ड्राइव्ह दिसला. टेप उचलणारा रोबो मात्र दिसेना. ऑटोलोडरच्या पॅनलवरून टेप आत-बाहेर व्यवस्थित होत होती, म्हणजे यंत्र ठीक. फर्मवेअर बदलून झालं, केबल बदलून झाली, आणि अख्खा दिवस त्यात गेला.

कारण असं की अशा ऑटोलोडरमध्ये रोबोला स्वतःची वेगळी सॅस केबल नसते. ड्राइव्ह आणि रोबो एकाच पत्त्यावर राहतात: ड्राइव्ह लन (पत्त्यातला उपक्रमांक) शून्यवर, रोबो लन एकवर. डिस्क सांभाळायला बनवलेले कित्येक रेड कंट्रोलर त्या पत्त्यावरचं पहिलंच दार ठोठावतात आणि निघून जातात. काही तर टेप मुळी ओळखतच नाहीत, आणि सर्व्हर कंपन्या आपल्या कागदपत्रांत टेपसाठी साधा एचबीए, म्हणजे नुसतं जोडणी देणारं कार्ड, वापरा असं सांगतात ते यासाठीच. कोटेशनमध्ये एचबीए होता. बचत म्हणून तो जोडताना वगळला होता. तो बसवल्यावर पहिल्याच बूटला ‘मीडियम चेंजर’, म्हणजे रोबो, यादीत आला.

जाता जाता बॅकअप सर्व्हर व्हर्च्युअल करावा का, हाही विषय निघाला होता. एचबीए थेट व्हर्च्युअल मशीनला सोपवता येतो. चालतं कधी कधी, पण बॅकअप सॉफ्टवेअरवाले त्याची जबाबदारी घ्यायला सहसा तयार नसतात. आणि ज्या होस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरला, वाचवायचं त्याच्याच पोटात वाचवणारा बसवणं मला तसंही मान्य नाही.

वेग कुठे अडला

सगळं जोडून पहिली पूर्ण चाचणी लावली आणि ड्राइव्हचा आवाज ऐकून कळलं की काहीतरी बिनसलंय. सलग लिहिणाऱ्या ड्राइव्हची एकसुरी घरघर असते. इथे घरघर, मग थांबणं, मग उलट्या दिशेने किंचित फिरणं, पुन्हा घरघर, असं चाललं होतं. डेटा पुरेशा वेगाने आला नाही की एलटीओ ड्राइव्ह आधी स्वतःचा वेग कमी करतो. त्याची खालची मर्यादाही ओलांडली गेली की तो थांबतो, टेप थोडी मागे घेतो आणि पुन्हा वेग पकडतो. यात वेळ जातो आणि टेप व हेड दोन्ही झिजतात.

सॅसचा दोष नव्हताच. बॅकअप सर्व्हरमध्ये आठ डिस्कचा रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारा संच) होता. बुधवारी रात्री त्या डिस्कवर आठवड्याभराच्या बदलांतून नवी पूर्ण प्रत जुळवली जात होती, आणि त्याच वेळी टेपचं काम त्याच डिस्कवरून वाचत होतं. जुळवणीचं काम डिस्कचं मुंडकं इकडून तिकडे पळवतं. टेपला हवं असतं सरळ, सलग वाचन. दोन्ही एकदम चालली की टेपच्या वाट्याला ७०-८० एमबी उरत होते. जुळवणी बुधवारी दुपारीच उरकायची आणि ती संपल्यावरच टेपचं काम सुरू व्हायचं, अशी साखळी लावली. सॉफ्टवेअरचा टेप ब्लॉकही ६४ केबीवरून २५६ केबीवर नेला. मग मात्र वेगाचा काटा २९० च्या आसपास स्थिर राहिला आणि ड्राइव्हचा आवाज एकसुरी झाला.

कॅडच्या लाखो बारीक फायली थेट टेपवर टाकल्या असत्या तर काटा कधीच तिथे पोचला नसता, मग केबल सॅसची असो की फायबर चॅनलची. त्या आधी डिस्कवर मोठ्या बॅकअप फायलींत बांधल्या जातात, म्हणून टेपला सलग खाद्य मिळतं.

नव्या टेपांनी पहिल्या आठवड्यात थोडी घबराट उडवली. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा आत गेली की ड्राइव्ह तिची मोजणी करून घेतो. त्याला बऱ्याचदा तासाच्या आत-बाहेर, तर कधी दोन तासही लागतात. तोवर सॉफ्टवेअर नुसतं वाट पाहत बसतं आणि बघणाऱ्याला वाटतं ड्राइव्ह अडकला. आता नव्या टेपा आल्या की दिवसा एकदा फिरवून ठेवतात, मगच बुधवारच्या रांगेत लावतात.

एलटीओ-३ च्या टेपांची कॉपी संथपणे झाली. पूर्ण भरलेली ४०० जीबीची टेप सेकंदाला ८० एमबीने वाचायला सुमारे सव्वा ते दीड तास. ज्या सॉफ्टवेअरने त्या लिहिल्या होत्या त्याची जुनी आवृत्ती एका वेगळ्या डिस्कवर बसवून घ्यावी लागली. काही टेपांवर वाचताना चुका आल्या, त्या पुन्हा पुन्हा फिरवून बहुतेक फायली निघाल्या.

तपासणीच्या आधी डिझाइनच्या प्रमुखांना कुठलाही एक जुना प्रकल्प निवडायला सांगितला. त्यांनी मुद्दाम जुन्या टेपेवरून आलेला निवडला. तो नव्या टेपेवरून उतरवला, कॅडमध्ये उघडला, आणि त्याची नोंद वेळेसकट तपासणीच्या फाइलला लावली.

२०२५ मध्ये आलेली एलटीओ-१०, ३० टीबीची, एलटीओ-९ वाचत नाही. त्यामुळे पुढच्या खरेदीच्या वेळीही हा एलटीओ-९ ऑटोलोडर जोडलेलाच ठेवावा लागेल. गेटजवळच्या इमारतीतल्या कपाटात म्हणून एक जादा एचबीए, दोन्ही तऱ्हेच्या केबली, बॅकअप सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलर आणि एन्क्रिप्शनची किल्ली असलेलं सीलबंद पाकीट ठेवलंय. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये, कोणती केबल कोणत्या पोर्टला, आणि आधी ऑटोलोडर चालू करायचा, मग सर्व्हर.